‘पद्धतच आहे’ म्हणजे कोणाची?

२०२३ च्या फेब्रुवारी महिन्यात बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत दहा पोती कांदा आणला. वजन भरले ५१२ किलो आणि भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली आणि तोलाई वजा जाता पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, शिल्लक राहिले २ रुपये ४९ पैसे आणि हाती पडला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. त्या धनादेशाचे छायाचित्र देशभर फिरले. लोकांचा राग व्यापाऱ्यावर निघाला, सरकारवर निघाला, आणि पुढच्या हंगामापर्यंत विरूनही गेला. मला मात्र त्या पट्टीतील एक गोष्ट अजून सतावते. तिच्यात खोटे असे काहीच नव्हते. वजन खरे होते, लिलाव उघड झाला होता, वजावटी नेहमीच्याच होत्या. माल हलक्या दर्जाचा होता, असा खुलासा झाला आणि धनादेश पुढच्या तारखेचा का, याचे उत्तर बाजारात कोणीही दिले असते तेच मिळाले : पद्धतच आहे.

धंद्यातील नीतीवर लिहिणारे बहुधा एखादा बाका प्रसंग निवडतात. लाच द्यावी की कंत्राट सोडावे, दोष असलेला माल परत बोलवावा की गप्प बसावे, अशा पेचात एक मालक किंवा व्यवस्थापक उभा असतो, आणि मग एकेक सिद्धांत पुढे येऊन त्याला सल्ला देतो. हे प्रसंग खोटे नाहीत. पण सोलापूरच्या व्यापार-उद्योगात ज्याचे आयुष्य गेले आहे अशा कोणालाही विचारले, तर असे पेच किती थोडे येतात हे तो सांगेल. कामगाराला किती द्यायचे, मालाचे पैसे किती दिवसांनी चुकते करायचे, नाकारलेल्या मालाचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे ठरवण्याची वेळ प्रत्यक्षात कोणावर येतच नाही, कारण ते आधीच ठरलेले असते. ठरवणारा मात्र कुठे सापडत नाही. माझे म्हणणे असे आहे की आपल्या धंद्यांतील अन्याय मुख्यतः दुष्ट माणसांच्या निर्णयांतून होत नाही. तो या निनावी ‘पद्धती’तून होतो, आणि म्हणून नीतिशास्त्रातील सिद्धांतांचा खरा उपयोग माणसाला सल्ला देण्यापेक्षा पद्धतीची उलटतपासणी करण्यासाठी आहे.

इमान्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार सर्वांना एकच भाव लावतो. लहान मूल आले तरी त्याला फसवत नाही. कान्ट विचारतो की तो हे कर्तव्य म्हणून करतो, की दुकानाचे नाव टिकावे म्हणून? नाव टिकावे म्हणून करत असेल, तर त्याच्या वागण्यात दोष नाही, पण नैतिक मोलही नाही. सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानदाराला हा प्रश्न विचारला, तर तो हसेल आणि म्हणेल, ‘दोन्ही एकच आहे की.’ त्याच्या पिढीत ते बहुतांशी एकच होतेही. ज्या गिऱ्हाइकाला फसवायचे ते उद्या पुन्हा त्याच गल्लीतून जाणार होते. आज माल कुठल्या शहरात, कोणाच्या घरी जाणार हे विणणाऱ्याला आणि विकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, आणि तेव्हाच कान्टचा प्रश्न पुस्तकातून उठून पेढीवर येऊन बसतो.

कान्टची कसोटी अशी की तू जे करतो आहेस ते सर्वांनी केले तर चालेल काय, हे तपासून पाहा. ज्याला खोटे वचन देऊन उसने घ्यायचे आहे त्याने विचार करावा की सगळेच खोटी वचने देऊ लागले तर वचनावर कोण विश्वास ठेवील? बाजारात ही कसोटी उलटी लावली जाते. कान्ट विचारतो, ‘सर्वांनी केले तर?’ आणि बाजार उत्तर देतो, ‘सगळे करतातच.’ पहिल्या वाक्यात जी शंका होती ती दुसऱ्यात परवानगी झाली. मला वाटते, धंद्यातील बहुतेक सारी नैतिक पळवाट या एका उलटापालटीत सामावलेली आहे.

कान्टने जो परिणाम कल्पनेत पाहिला तो आपल्याकडे हिशेबाच्या वह्यांत पाहायला मिळतो. टॉवेल आणि चादरीचा माल बाहेरगावच्या व्यापाऱ्याला जातो तेव्हा उधारीची मुदत बोलली जाते, समजा नव्वद दिवसांची. नव्वद दिवसांनी पैसे येतील असे देणाऱ्यालाही वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. चार-पाच महिने लागणार हे गृहीत धरून माल देणारा ते व्याज भावात आधीच मिसळतो. म्हणजे वचन मोडण्याचा फायदा मोडणाऱ्यालाही पुरता मिळत नाही, कारण त्याची किंमत त्याने भावातून मोजलेली असते. खरा मार बसतो तो ठरल्या दिवशी पैसे देणाऱ्या एखाद्या सरळ व्यापाऱ्याला. वाढीव भाव तोही देतो, पण दिरंगाईचा लाभ घेत नाही. त्याच्याहून अधिक मार कारखानदाराच्या खालच्या माणसाला बसतो, कारण पैसे अडकले की पहिल्यांदा आठवड्याचा पगार पुढे जातो. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ सालापासून आहे. इतकी वर्षे तो फारसा कोणाच्या लक्षातही नव्हता. मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळणार नाही, अशी तरतूद प्राप्तिकराच्या कायद्यात आली तेव्हा एकदम पेढ्यापेढ्यांवर त्याची चर्चा सुरू झाली. ‘अशाने धंदा कसा करायचा?’ हे त्या वेळी ऐकलेले वाक्य मी विसरणार नाही, कारण ज्याला ते धंदा म्हणत होते ते मुळात दुसऱ्याचे भांडवल बिनव्याजी वापरणे होते.

पद्धतीविषयी इतक्या अधिकाराने बोलण्याचे कारण म्हणजे मी तिचा चाकर होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शहराच्या पूर्व भागातील एका टॉवेलच्या कारखान्यात मी दिवाणजी होतो. मजुरी नगावर होती. विणलेला माल तपासताना डाग, तुटका धागा किंवा कमी-जास्त किनार निघाली की कामगाराच्या नावापुढे दंड लागे आणि तो आठवड्याच्या पगारातून वजा होई. तो नाकारलेला माल पुढे ‘सेकंड’ म्हणून कमी भावात विकला जाई. दंडाची नोंद पगाराच्या वहीत होती आणि सेकंड मालाच्या विक्रीची नोंद विक्रीच्या वहीत. दोन्ही वह्या माझ्याच हातच्या, पण त्या एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. एका कामगाराने एकदा मला म्हटले होते, ‘दिवाणजी, ह्यो डाग माझा न्हाई, सुताचा हाय.’ मी त्याला तपासणीच्या टेबलाकडे पाठवले. तपासणाऱ्याने त्याला माझ्याकडे पाठवले असावे.

एका दिवाळीला वर्षाचा हिशेब बंद करताना सहज म्हणून मी दोन्ही आकडे एका कागदावर मांडले. मालाचे जे नुकसान झाले होते त्याच्याहून दंडाची बेरीज मोठी निघाली. म्हणजे खराब टॉवेल हा कारखान्याच्या तोट्याचा नसून किरकोळ फायद्याचा विषय होता. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात याविषयी स्पष्ट लिहिलेले होते : नुकसानीपोटी कापलेली रक्कम प्रत्यक्ष नुकसानीहून जास्त असता कामा नये, दंड पगाराच्या तीन टक्क्यांहून अधिक नसावा आणि दंडाचा पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावा. मी तो कागद शेठजींना दाखवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. कामगाराच्या घरी लग्न असले की स्वतः उचल देत, दवाखान्याचे बिल भरत. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘सगळीकडे हीच पद्धत आहे. मी एकट्याने बंद केली तर उद्या मुद्दाम खराब माल निघेल.’ मग थोड्या वेळाने : ‘वह्या वेगळ्याच राहू द्या.’ मी त्या वेगळ्या राहू दिल्या. नोकरी सोडीपर्यंत तो कागद मी पुन्हा केला नाही.

या प्रसंगात पाप कोणाचे, हे मला आजही नीट सांगता येत नाही, आणि म्हणूनच तो मी येथे मांडतो आहे. अॅरिस्टॉटलच्या परंपरेतील सद्गुणांचा विचार लावला तर शेठजी उदार होते, मी प्रामाणिक होतो (एक पैशाची अफरातफर माझ्या हातून झाली नाही), तपासणारा कसून काम करणारा होता. तीन चांगली माणसे मिळून दर आठवड्याला गरिबाचे पैसे कापत होती. चांगली माणसे घडवली की धंदा आपोआप चांगला होईल, या विश्वासावर व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत सध्या जे तास घेतले जातात त्यांच्यावर माझा म्हणूनच फार भरवसा नाही.

पद्धतीला हे बळ कसे आले, याचे सोलापूरपुरते तरी एक कारण सांगता येते. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून पुढची कित्येक दशके या शहरातील कामगाराला आपल्यावर अन्याय कोण करतो हे ठाऊक होते. गिरणीला नाव होते, मालकाला नाव होते, फाटक होते, भोंगा होता आणि फाटकासमोर सभा घेता येत होती. नंतर जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णू गिरणीपर्यंत एकेक भोंगा थांबला. काम यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि घराघरांत विखुरले. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी मुळात दहा कामगारांची मर्यादा घातली होती. ती ओलांडू नये म्हणून एकाच आवारातील शेड भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर झाल्या. मालक लहान झाले, अनेक झाले, आणि त्यांच्यापैकी कोणालाही विचारले तर तो खरेच सांगू शकतो की दर मी ठरवत नाही. जबाबदारी इतक्या बारीक तुकड्यांत वाटली गेली की शेवटी कोणाच्या वाट्याला काहीच आले नाही. गिरणीमालकांची मी येथे आरती करत नाही. त्यांच्या काळातही संप उगीच झाले नाहीत.

लहान मालक आणि कामगार यांतील अंतर तरी कितीसे असते? २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. त्या आगीत आठ जण गेले. त्यांत कामगार होते, तसेच मालक आणि त्यांच्या घरची माणसेही होती, एक तान्हे मूल होते. मालकाचे घर आणि कामगारांची झोपण्याची जागा एकाच इमारतीत होती. दोष कोणाचा हे ठरवणे माझे काम नाही आणि त्या घराच्या दुःखावर शहाणपण सांगणे शोभणारही नाही. पण १९७१ साली जॉन रॉल्स या अमेरिकन विचारवंताने सुचवलेली कल्पना मला त्या दिवसांत वारंवार आठवत होती. समाजाचे नियम ठरवताना आपण त्यात कोणत्या जागी जन्माला येणार हे आपल्याला माहीत नाही असे समजा, आणि मग नियम करा. कारखान्याच्या इमारतीला दुसरी वाट असावी की नसावी, रात्री दार बाहेरून लावावे की नाही, हे ठरवताना आपण मालकाच्या खोलीत निजणार की मागाशेजारी, हे माहीत नाही असे धरले तर नियम वेगळे होतात. आग ही कल्पना खरी करून दाखवते. धूर हुद्दा विचारत नाही.

‘सगळीकडे हीच पद्धत’ या ढालीखालोखाल वापरली जाणारी दुसरी ढाल पुष्कळांच्या पोटाची आहे. बेंथॅम या इंग्रज विचारवंताने १७८९ मध्ये आणि पुढे मिलने १८६१ मध्ये मांडलेला उपयुक्ततावाद, म्हणजे ज्यातून पुष्कळांचे सुख वाढते ते योग्य हे मत, आपल्या बाजारात नाव न घेता रोज बोलला जातो. कारखाना चालतो म्हणून इतक्यांच्या चुली पेटतात, तेव्हा थोडे इकडे-तिकडे व्हायचेच. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या तत्त्वाची जी चिकित्सा केली आहे तिच्यात अमेरिकेतील एका शहराच्या ट्रामगाडीचे उदाहरण येते. ट्राम लोकांच्या सोयीची होती, परवानगी मिळेना, म्हणून लाच देऊन ती मिळवली. ट्राम झाली, पुष्कळांना सुख झाले, आणि तरीही कृत्य निंद्य ठरले. मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिणाऱ्या माणसाला धंद्यातील नीतीचे उदाहरण सुचावे आणि ते १९१५ पासून मराठीत छापलेले असावे, तरी आपल्या वाणिज्य महाविद्यालयांत ते शिकवले जात असल्याचे मला कधी आढळलेले नाही.

मला मात्र उपयुक्ततावाद टाकून द्यावासा वाटत नाही. तो पुरता लावला जात नाही, ही माझी तक्रार आहे. विड्यांचेच पाहा. सोलापुरात हजारो बायका, त्यांत तेलुगू भाषक पद्मशाली घरांतील पुष्कळ, घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, पाने भिजवून कात्रीने कापायची, दिवसभर मान खाली घालून हजाराच्या आसपास विड्या वळायच्या आणि कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. त्यांच्यासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. आता, विडीवर आरोग्याचा इशारा मोठा करायची गोष्ट निघाली की या बायकांचे पोट पुढे केले जाते. २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली, तेव्हाही रोजगाराचाच मुद्दा पुढे होता. हे पोट खरे आहे. पण हजार विड्यांची मजुरी वाढवण्याची चर्चा सुरू झाली की तेच पोट हिशेबातून नाहीसे होते आणि त्या जागी ‘धंद्याला परवडत नाही’ येते. सुखदुःखाची बेरीज करायची असेल तर ती दोन्ही दिवशी सारखीच करावी लागेल. शिवाय तिच्यात विडी ओढणारा मजूर धरावा लागेल, जो बहुधा वळणाऱ्या बाईइतकाच गरीब असतो आणि खोकत दुसऱ्याच एखाद्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जातो. एवढे सगळे धरल्यावर उत्तर विडीच्या बाजूने येईल असे मला वाटत नाही. पण उद्या कारखाने बंद केले तर त्या बायकांच्या हातांना दुसरे काम कोण देणार, हा प्रश्न ज्यांनी कधी हातात घेतला नाही त्यांना ते उत्तर मोठ्याने सांगण्याचा अधिकार आहे असेही वाटत नाही. येथे मी अडकतो, आणि अडकल्याचे कबूल करतो.

येथवर कमावण्याविषयी झाले. धंद्यातील नीती म्हटले की आपल्याकडे लगेच देण्याविषयी बोलले जाते, त्याचाही विचार केला पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. वर्षाला पाच कोटींचा निव्वळ नफा ही त्यातील एक मर्यादा आहे, म्हणजे सोलापुरातील बहुतेक शेड आणि पेढ्या या तरतुदीच्या बाहेरच राहतात. पण समजा त्या आत आल्या, तरी काय? मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिले होते की कंपनीचा व्यवस्थापक समाजकार्याला पैसे देतो तेव्हा तो दुसऱ्याच्या खिशातून देतो. त्याचे काम कायदा आणि रीत सांभाळून नफा मिळवून देणे एवढेच. हे मत आपल्याकडे फार कठोर मानले जाते. माझ्या मते त्यातला पूर्वार्ध विचार करण्यासारखा आहे, आणि त्यावर विचार करायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचेही कारण नाही, मंगळवेढ्यापर्यंत गेले तरी पुरते.

दामाजीपंत हे बिदरच्या सुलतानाचे मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळ पडला, माणसे मरू लागली, आणि पंतांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली. धान्य त्यांचे नव्हते. फ्रीडमनच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी मालकाच्या मालावर स्वतःची दया केली. आपण ही कथा दयेची म्हणून ऐकतो, पण तिचा शेवट नीट पाहिला तर त्यात हिशेबाची विलक्षण काळजी आहे. विठोबा विठू महाराचे रूप घेऊन बिदरला जातो, धान्याची रक्कम दरबारात भरतो आणि रीतसर पावती घेतो. मालकाचा हक्कच खोटा होता, असे कथा म्हणत नाही. सुलतानाने माफ केले, असेही म्हणत नाही. तिला रक्कम चुकती झालेली हवी आहे आणि तिची पावतीही हवी आहे. दुसऱ्याच्या धान्यातून केलेल्या धर्माचे पैसे कोणीतरी भरलेच पाहिजेत, ही जाणीव आमच्या भाविक पूर्वजांना होती. आज एखादा कारखानदार शाळेला संगणक देतो तेव्हा ते पैसे कोणी भरले, हे विचारणे अशिष्ट समजले जाते. ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर द्यावा, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ज्या साखर कारखान्यात शेतकऱ्याची रक्कम महिनोन्महिने थकते आणि त्याच आवारात आरोग्य शिबिर भरते, तिथे त्या शिबिराची पावती खरे म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने फाडायला हवी.

या भागावर ज्यांच्या विचारांचा ठसा आहे त्या शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतील शिवभक्त संतांनी, हा क्रम नेमका पकडला होता. आधी कायक, मग दासोह; आधी स्वच्छ कष्ट, मग त्यातून देणे. सिद्धरामेश्वरांच्या या गावात हे शब्द कमानींवर आणि निमंत्रणपत्रिकांवर सर्वत्र दिसतात. त्या परंपरेतील आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक करी. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्याची बायको लक्कम्मा हिने ते परत नेऊन टाकायला लावले. तिने त्या जादा तांदळाचे अन्नदान करायला सांगितले असते तर कोणी नावे ठेवली नसती. तिने ते घरातच येऊ दिले नाहीत. आमच्याकडे मात्र दासोहाच्या पंगती वाढत गेल्या आणि कायकाची चौकशी मागे पडली.

या सगळ्यावर व्यवहारी माणसाचा एक आक्षेप असतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. तो म्हणेल, एकट्याने पद्धत मोडली तर तो बुडतो. दंड बंद करणारा, वेळेवर पैसे देणारा, इमारतीला दुसरा जिना बांधणारा कारखानदार हरियाणातील पानिपतच्या कापडमालापुढे टिकत नाही. हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. (याच पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो तेव्हा आपल्याला ती अनीती तत्काळ दिसते, भौगोलिक मानांकन घेऊन, आवाज उठवून आपण नावासाठी भांडतो. तिथे ‘बाजारात सगळेच करतात’ हे उत्तर आपण ऐकून घेत नाही.) पण हे म्हणणे खरे मानले तर त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. जे एकट्याला करता येत नाही ते सर्वांनी मिळून करावे लागते, आणि सर्वांनी मिळून ठरवण्याच्या जागा या शहरात आहेत. व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, यंत्रमागधारकांच्या आहेत, बाजार समिती आहे. त्यांच्या बैठकांत विजेचा दर, कर आणि सुताचा भाव यांवर तासन्‌तास चर्चा होते. दंडाच्या रकान्यावर झाल्याचे मी ऐकलेले नाही. पद्धत कोणाची, हा प्रश्न म्हणूनच मला या बैठकांच्या दारात नेऊन ठेवावासा वाटतो. एकटा शेठ म्हणू शकतो की दर मी ठरवत नाही; शंभर शेठ एका खोलीत बसलेले असताना त्यांना ते म्हणता येणार नाही.

आणि पद्धत बदलत नाही, हेही खरे नाही. फळे आणि भाजीपाल्यावरची आडत पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात होती. जो आडत्या शेतकऱ्याचा माल विकतो त्याची मजुरी शेतकऱ्यानेच द्यावी, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. राज्यभर बाजार बंद पडले, व्यवहार कोलमडतील असे सांगण्यात आले, वाटाघाटी झाल्या आणि काही दिवसांनी बाजार पुन्हा सुरू झाले. आडत खरेदीदाराच्या बाजूला गेली, आणि लिलाव पहिल्यासारखेच होत राहिले. आज नव्याने बाजारात आलेल्या मुलाला ही पद्धत पूर्वी उलटी होती हे सांगावे लागते.

पट्टीवर हमाली, तोलाई आणि वाहतूक मात्र राहिली. २०२३ च्या त्या ५१२ किलो कांद्यांतून ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले ते याच नावांनी. यांपैकी प्रत्येक वजावट योग्यही असेल. हमालाने पोती उतरवली, त्याला मजुरी मिळालीच पाहिजे. पण मालाचा भाव वजावटीच्या खाली आला तर त्या दिवशीचा तोटा एकट्या शेतकऱ्याने सोसावा, की ज्यांचा ज्यांचा त्या व्यवहारात हात आहे त्यांच्यात तो वाटला जावा, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही. ते आडतीसारखेच कोणीतरी, कधीतरी, बसून ठरवू शकतो. पुढच्या तारखेच्या धनादेशाचेही तसेच आहे. त्यावर बाजार समितीला सरकारची वाट पाहायची गरज नाही. एका बैठकीचा आणि एका ठरावाचा तो विषय आहे, आणि तो विषयपत्रिकेवर घ्या एवढे सांगण्याइतपत ओळख आपल्यापैकी पुष्कळांची तिथे आहे.